ढगातला रोपवे आणि दोर वाहणारे खांदे

डोंगर कोणी सर केला, या प्रश्नाचे उत्तर पाठ्यपुस्तकात एका नावात संपते. फार तर दोन नावांत. त्या नावांच्या मागे तंबू, दोर, शिड्या आणि शिधा पाठीवर घेऊन चढलेली जी माणसे असतात, त्यांची यादी कोणी छापत नाही. आपल्या समाजातल्या तरुणांना ही गोष्ट समजावून सांगावी लागत नाही. ज्यांच्या आजा-पणजांनी दुसऱ्यांची ओझी वाहिली आणि वर "तुमच्यात कुवतच नाही" हेही ऐकून घेतले, त्यांना उंचीचे राजकारण जन्मापासून कळते. तरीही हा हिशोब नव्याने मांडावा असे आम्हाला वाटले, कारण युरोपातल्या आल्प्स पर्वतात, ढगात अडकलेल्या एका शिखरावर, तो आमच्यासमोर फार उघडपणे आला.

आम्ही चौघे एका बैठकीसाठी जिनिव्हाला गेलो होतो. आपल्या कार्यकर्त्यांना हे शहर नवीन नाही. डर्बनच्या परिषदेनंतर, ऑगस्ट २००२ मध्ये, संयुक्त राष्ट्रांच्या वंशभेद निर्मूलन समितीने आपली २९वी सर्वसाधारण शिफारस मंजूर केली. जन्मावर, वंशपरंपरेवर आधारलेल्या भेदभावाबद्दलची ती शिफारस आहे आणि तिच्यात जातीचा स्पष्ट उल्लेख आहे. त्यामागे आपल्या अनेक माणसांचे कष्ट आहेत. तर, बैठक संपल्यावर परतीच्या विमानाआधी एक दिवस मोकळा मिळाला. जिनिव्हापासून बसने साधारण दीड तासावर, फ्रान्सच्या हद्दीत, शामोनी नावाचे गाव आहे. तिथून रोपवेने आल्प्समध्ये वर जाता येते, असे आमच्यातल्या धाकट्याने शोधून काढले. चळवळीच्या कामाला गेलेल्यांनी सहल कशाला करायची, असा प्रश्न कोणी विचारण्याआधीच सांगतो, तिकिटाचे पैसे आम्ही आपापल्या खिशातून भरले. आणि डोंगर पाहण्याचा हक्क फक्त सिनेमातल्या नायक-नायिकांना आहे, असे आम्ही मानत नाही.

शामोनी समुद्रसपाटीपासून १०३५ मीटरवर आहे. गावावर एग्वी द्यु मिदी नावाचा ३८४२ मीटर उंचीचा सुळका उभा आहे आणि त्याच्याही मागे ४८०० मीटरच्या वर गेलेले माँ ब्लाँ शिखर. आपले कळसूबाई १६४६ मीटरचे, म्हणजे या सुळक्याच्या निम्म्याहूनही कमी. सुळक्यावर जाणारा रोपवे १९५५ साली सुरू झाला आणि पुढे बरीच वर्षे तो जगातला सर्वांत उंच रोपवे म्हणून ओळखला जात होता. आम्ही गेलो त्या दिवशी सुळकाही दिसत नव्हता आणि शिखरही. गावावर राखाडी ढग उतरले होते. तिकीटखिडकीवरच्या बाईंनी पैसे घेण्याआधी पडद्यावरचे वरचे चित्र दाखवले. पडदा नुसता पांढरा होता. "वर काहीही दिसणार नाही, तरी जायचे का?" असे त्यांनी स्वच्छ विचारले. माणशी तिकीट काही हजार रुपयांचे. आम्ही एकमेकांकडे पाहू लागलो. आमच्यातल्या ताई वयाने सगळ्यांत मोठ्या. त्या म्हणाल्या, "अरे, ढग तर ढग. ढगात तरी आपण कुठे रोज जातो?" प्रश्न मिटला.

या रोपवेचे दोन टप्पे आहेत. पहिला टप्पा २३१७ मीटरवरच्या सपाटीपर्यंत. तिथे डबा बदलायचा. दुसरा टप्पा थेट सुळक्यावर, आणि या टप्प्यात मध्ये एकही खांब नाही. जवळपास तीन किलोमीटरचा पोलादी दोर दोन टोकांच्या आधाराने अधांतरी लोंबतो आणि त्यावरून साठ-सत्तर माणसांचा डबा वर सरकतो. सगळा प्रवास जेमतेम वीस मिनिटांचा. पायी हेच अंतर चढायचे तर कसलेल्या गिर्यारोहकालाही तासन्‌तास लागतील आणि जीव मुठीत धरावा लागेल.

अशा रोपवेचे यंत्र समजून घेण्यासारखे असते. डबे दोन. एक वर जातो तेव्हा दुसरा खाली येतो. दोघे एकाच ओढदोराला बांधलेले, त्यामुळे खाली येणाऱ्या डब्याचे वजन वर जाणाऱ्याला हात देते. मोटरला सगळा भार एकटीने उचलावा लागत नाही. आमचा डबा ढगात शिरला तेव्हा काचेबाहेर काहीच उरले नाही. वर चाललो आहोत की जागीच लोंबतो आहोत, तेही कळेना. डब्यातला गलका थांबला. आणि मग अर्ध्या वाटेवर अचानक, हाताच्या अंतरावर वाटावा असा, दुसरा डबा पांढऱ्यातून निघाला, त्यातले चेहरे आमच्याकडे पाहत होते, आणि पुन्हा पांढऱ्यात गेला. ताईंनी दांडा घट्ट धरला होता. त्या हळूच म्हणाल्या, "म्हणजे ते खाली चाललेत म्हणून आपण वर चाललोय."

वर पोहोचल्यावर खडकाच्या पोटातून एक लिफ्ट शेवटचे ४२ मीटर चढवते आणि सर्वांत वरच्या गच्चीवर सोडते. तिथे एक काचेची पेटी आहे. २०१३ च्या डिसेंबरात ती खुली झाली. पायाखाली काच आणि काचेखाली हजार मीटरची पोकळी. आमच्या पायाखाली मात्र ढगच होते, त्यामुळे भीतीसुद्धा नीट वाटली नाही. हवा विरळ होती. चार पायऱ्या चढल्या की धाप लागत होती. आजूबाजूचे प्रवासी वैतागले होते. इतके पैसे देऊन पांढरी भिंत पाहायला आलो का, हा भाव कोणत्याही भाषेत ओळखता येतो.

पण देखावा झाकला गेला की नजर दुसरीकडे वळते. शिखरे दिसत नव्हती म्हणून आम्हाला लोखंड दिसले. खडकात ठोकलेले काँक्रीट दिसले. हाताच्या मनगटाहून जाड दोर दिसले. गच्चीवरचा बर्फ फावड्याने ओढणारा कामगार दिसला. त्याचे हातमोजे ओले झाले होते. स्वच्छ ऊन असते तर आम्हीही सगळ्यांसारखे माँ ब्लाँकडे तोंड करून फोटो काढले असते आणि फावडेवाला त्या फोटोत चुकूनही आला नसता. ढगामुळे आमच्या मनात वेगळा प्रश्न आला. रोपवे नव्हता तेव्हा हा रोपवे बांधायचे सामान वर आणले कोणी?

उत्तर सोपे आहे. माणसांनी. इटालियन अभियंते आणि उद्योजक काउंट दिनो लोरा तोतिनो यांनी हा प्रकल्प उभा केला, हे इतिहासात नोंदलेले आहे. पण शिखरावरून खाली पहिला दोर सोडायचा होता तेव्हा त्याला यंत्र नव्हते. डोंगराच्या इकडच्या आणि तिकडच्या, म्हणजे फ्रान्सच्या आणि इटलीच्या बाजूच्या वाटाड्यांनी आणि कामगारांनी तो दोर खांद्यावर घेऊन बर्फाच्या कड्यावर नेला. त्या पहिल्या दोराच्या आधाराने पुढचा जाड दोर ओढला गेला, त्याच्या आधाराने त्याहून जाड. आज त्या दोरावरून आम्ही हात खिशात घालून वर आलो. जगातल्या कुठल्याही रोपवेची गोष्ट सुरुवातीला अशीच असते. पहिला दोर कोणाच्या तरी खांद्यावरूनच जातो.

या डोंगराचा जुना इतिहासही हेच सांगतो, पण थोड्या वेगळ्या, अधिक शिकवणाऱ्या पद्धतीने. जिनिव्हाचे श्रीमंत विद्वान ओरास-बेनेडिक्ट द सोस्यूर १७६० मध्ये शामोनीला आले आणि माँ ब्लाँच्या माथ्याची वाट शोधणाऱ्याला बक्षीस जाहीर केले. पंचवीस वर्षे कोणाला जमले नाही. ८ ऑगस्ट १७८६ रोजी दोघे माथ्यावर पोहोचले. एक जाक बाल्मा, डोंगरात स्फटिक शोधून विकणारा शिकारी. दुसरे गावचे डॉक्टर मिशेल-गाब्रिएल पाकार. पुढच्या वर्षी खुद्द सोस्यूर वर गेले, त्यांच्यासोबत एक नोकर आणि अठरा वाटाडे होते.

यानंतर जे घडले ते नीट पाहा. पाकार यांच्यावर जळणाऱ्या एका लेखकाने अशी कथा पसरवली की खरा पराक्रम बाल्माचा, डॉक्टरला तर त्याने ओढत वर नेले. बाल्मानेही म्हातारपणी तीच कथा रंगवून सांगितली आणि अलेक्झांडर ड्युमासारख्या नामवंत कादंबरीकाराने ती लिहून जगभर नेली. १८८७ मध्ये शामोनीत पुतळा उभा राहिला. त्यात बाल्मा बोटाने शिखर दाखवतो आहे आणि बक्षीस लावणारे सोस्यूर त्याच्याशेजारी उभे आहेत. पाकार गायब. बोट दाखवणारा पुतळा आपल्याला परका नाही, म्हणून आम्ही त्याच्यासमोर जरा जास्तच वेळ थांबलो. पाकार यांचा पुतळा याच गावात उभा राहिला तो १९८६ मध्ये, चढाईला दोनशे वर्षे झाल्यावर.

पाकार यांना न्याय कशामुळे मिळाला? कागदामुळे. चढाईच्या दिवशी एक जर्मन सरदार, बॅरन फॉन गेर्सडोर्फ, शामोनीतून दुर्बिणीने दोघांना पाहत होता आणि पाहिलेले टिपून ठेवत होता. त्याची टिपणे आणि रेखाटने अभ्यासकांच्या हाती लागली तेव्हा दंतकथा कोसळली. या गोष्टीत बळी गेला तो शिकलेला डॉक्टर आणि डोक्यावर घेतला गेला तो कष्टकरी. तेव्हा "नेहमी श्रमिकच विसरला जातो" एवढे सरळ सूत्र इथे लागू पडत नाही, आणि आपणही ते घोकू नये. लागू पडते ते दुसरे सूत्र. ज्याच्या हातात कथा सांगण्याचे साधन असते, तो पुतळ्यात कोण दिसणार हे ठरवतो. आणि त्या कथेला हरवायचे असेल तर भावनेपेक्षा नोंद कामाला येते.

अजून एक नाव त्या गावाने आम्हाला दिले. मारी पारादी. शामोनीतली गरीब घरची, मोलकरीण म्हणून काम करणारी मुलगी. १८०८ मध्ये ती बाल्मा आणि इतर वाटाड्यांबरोबर माँ ब्लाँवर गेली. त्या शिखरावर पोहोचलेली ती पहिली स्त्री. तीस वर्षांनी, १८३८ मध्ये, आँरिएत दांजव्हिल नावाची उमराव घराण्यातली बाई वर गेली. तिचीही जिद्द मोठी होती, तिला कमी लेखायचे कारण नाही. वयस्क झालेल्या मारीला तिने आपल्या आनंदसोहळ्याला बोलावले, हेही तिच्या मोठेपणाचे. पण त्यानंतर एक वाद सुरू झाला तो आपल्या कानांना फार ओळखीचा आहे. काही लोक म्हणू लागले की मारी पारादी मोजायची नाही, कारण शेवटच्या चढावर ती थकली आणि पुरुषांनी तिला ओढत, उचलत नेले. स्वतःच्या बळावर गेलेली पहिली स्त्री म्हणजे दांजव्हिलच. आता दांजव्हिलबाईंबरोबर वाटाडे आणि हमाल मिळून बाराएक माणसे होती. तिचे सामान, तिचे खाणेपिणे, तिचा दोर या माणसांनी वाहिला. म्हणजे मोलकरणीला हात दिला तर ती चढलीच नाही, आणि उमराव बाईचे सगळे ओझे बारा माणसांनी वाहिले तरी ती स्वतःच्या बळावर चढली! हा तर्क ऐकून आमच्यातला धाकटा मोठ्याने हसला. मग गप्प झाला.

त्याच्या गप्प होण्याला कारण होते. पदवीसाठी तो एका नामांकित महाविद्यालयात राखीव जागेवर दाखल झाला होता. तिथे वर्गातली मुले त्याला "लिफ्टवाला" म्हणायची. आम्ही पायऱ्या चढून आलो, तू लिफ्टने आलास, असा त्याचा अर्थ. चार वर्षे त्याने हे ऐकले. त्या मुलांपैकी कोणाचे आजोबा वकील होते, कोणाच्या घरात तीन पिढ्यांची पुस्तके होती, कोणाला सातवीपासून खासगी शिकवणी होती. कोणाच्या घरची धुणीभांडी, कोणाच्या घरची सफाई दुसरेच कोणी करत होते, म्हणून त्यांना अभ्यासाला वेळ मिळत होता. हा सगळा रोपवेच होता. फक्त तो घराच्या आतून जात होता, म्हणून बाहेरून दिसत नव्हता. शामोनीच्या त्या गच्चीवर आम्ही साठ-सत्तर जण एकाच डब्यातून उतरलो. त्यात एकानेही दुसऱ्याला "तू पायी आला नाहीस" असे म्हटले नाही, कारण दोर सगळ्यांच्या डोक्यावर उघड दिसत होता. आपल्याकडे भांडण एवढ्याचसाठी आहे की काहींचा दोर संविधानात लिहिलेला आहे आणि काहींचा दोर परंपरेत लपलेला आहे. लिहिलेल्या दोराला कुबडी म्हणतात आणि लपलेल्या दोराला गुणवत्ता.

शामोनीच्या वाटाड्यांकडून मात्र फक्त तक्रार शिकायची नाही. त्यांनी दुसरेही काही केले. १८२० च्या ऑगस्टमध्ये एका परदेशी डॉक्टरच्या मोहिमेत, हवामान वाईट असताना वर जायचा हट्ट झाला आणि हिमकडा कोसळून तीन वाटाडे मेले. मालक वाचले. पुढच्याच वर्षी, १८२१ मध्ये, गावातल्या वाटाड्यांनी आपली संस्था बांधली. मेलेल्यांच्या कुटुंबांसाठी आणि जखमींसाठी निधी काढला. काम पाळीने वाटायचे ठरवले, म्हणजे गिऱ्हाईकाने मर्जीतल्या एकालाच पुन्हा पुन्हा नेऊन बाकीच्यांना उपाशी ठेवायचे नाही. ही संस्था आजही चालू आहे. महाराष्ट्रातल्या वाचकाला यात आपलेच काही दिसायला हवे. १९६९ चा माथाडी कायदा आठवा. अण्णासाहेब पाटलांनी माथाडी कामगारांची बांधलेली चळवळ आठवा, पुण्यात बाबा आढावांनी उभी केलेली हमाल पंचायत आठवा. ओझे वाहणारा माणूस एकेकटा असतो तेव्हा त्याची मजुरी मालकाच्या मर्जीवर असते. टोळी, मंडळ, भविष्यनिर्वाह निधी असे काही उभे राहिले की तोच माणूस कामगार होतो. पोत्याचे वजन शंभर किलोवरून पन्नासवर आणायलाही हमालांना झगडावे लागले. जिनिव्हाच्या आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९६७ मध्ये प्रौढ पुरुषाने वाहायच्या ओझ्यासाठी ५५ किलोची मर्यादा सुचवली होती. ही शिफारस ताईंना माहीत होती. त्यांचे वडील रेल्वे स्टेशनवर हमाल होते. त्या म्हणाल्या, "बाबांच्या डोक्यावर याच्या दीडपट असायचे. गाडीत सामान चढवायचे आणि गाडी सुटली की फलाटावरच राहायचे. आयुष्यभर त्यांनी प्रवास वाहिला, केला नाही."

त्या संस्थेचा एक दोषही सांगितला पाहिजे, नाहीतर आपण युरोपची आरती ओवाळतोय असे होईल. तिच्यात प्रवेश जन्मावर होता. शामोनीच्या खोऱ्यात जन्मलेल्यालाच वाटाड्या होता येई. बाहेरून आलेला पहिला माणूस, पुढे लेखक म्हणून गाजलेला रोझे फ्रिझाँ-रोश, तिथे घेतला गेला तो १९३० मध्ये. म्हणजे जन्माच्या भिंती आल्प्सनेही बांधल्या होत्या. फरक इतकाच आणि एवढा मोठा, की त्या भिंतीला कोणी ईश्वराची आज्ञा म्हटले नव्हते. म्हणून ती पाडताना धर्म बुडाला अशी हाकाटी झाली नाही. धंद्याचा नियम बदलता येतो. धर्मग्रंथात घातलेला नियम बदलायला महाडला ग्रंथ जाळावा लागतो.

आता यंत्राकडे येऊ, कारण खरा वाद तिथे आहे. माँ ब्लाँच्या पायथ्याशी १९०८-०९ मध्ये माँतँव्हेर नावाच्या हिमनदीकाठच्या ठिकाणापर्यंत डोंगरी रेल्वे पोहोचली, तेव्हा तिथल्या खेचरवाल्यांनी आणि वाटाड्यांनी विरोध केला होता. प्रवासी रेल्वेने गेले तर आम्ही खायचे काय? २०२४ च्या अखेरीस वैष्णोदेवीच्या कटऱ्यात घोडेवाले, पालखीवाले आणि पिठ्ठूवाले नियोजित रोपवेविरुद्ध रस्त्यावर उतरले. प्रश्न शब्दशः तोच. या माणसांना अडाणी, प्रगतीचे शत्रू म्हणणे सोपे आहे. आम्ही म्हणणार नाही. पण म्हणून माणसाने माणसाला पाठीवर वाहत राहावे, असेही आम्ही म्हणणार नाही.

इथे बाबासाहेबांची भूमिका स्पष्ट आहे. 'काँग्रेस आणि गांधी यांनी अस्पृश्यांसाठी काय केले?' या १९४५ च्या ग्रंथात त्यांनी गांधीवादाच्या यंत्रविरोधाची कठोर चिकित्सा केली. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे. माणसाला जनावरासारखे राबण्यापलीकडे काही व्हायचे असेल तर त्याला फुरसत हवी. फुरसत हवी तर कष्ट कमी व्हायला हवेत आणि कष्ट कमी होतात ते यंत्राने. यंत्रामुळे अन्याय होत असेल तर दोष यंत्राचा नाही, यंत्राचा फायदा मूठभरांच्या खिशात घालणाऱ्या समाजरचनेचा आहे. ज्यांच्या वाट्याला चरखा हा विरंगुळा म्हणून आला त्यांना यंत्र राक्षस वाटू शकते. ज्यांच्या वाट्याला मैल्याची टोपली आली, त्यांना यंत्र हवेच आहे. गटारात माणूस उतरून मरतो तेव्हा कमतरता परंपरेची नसते, यंत्राची आणि ते वापरायच्या इच्छेची असते.

माथेरानचे उदाहरण ताजे आहे. मोटारींना बंदी असलेल्या त्या डोंगरावर माणसे माणसांना हातरिक्षात बसवून ओढत होती. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही प्रथा मानवी प्रतिष्ठेला न शोभणारी ठरवली, सहा महिन्यांत ती बंद करायला सांगितली आणि ओढणाऱ्यांना ई-रिक्षा देऊन त्यांचे पुनर्वसन करा असाही आदेश दिला. या आदेशाचे दोन भाग आहेत आणि दुसरा भाग पहिल्याइतकाच महत्त्वाचा आहे. रिक्षा बंद झाली आणि ओढणारा उपाशी राहिला, तर त्याची प्रतिष्ठा फक्त निकालपत्रात उरेल. रोपवेचेही तसेच. महाराष्ट्रात गडागडांवर, देवस्थानांवर रोपवेची मागणी आहे. रायगडावर १९९६ पासून तो आहेच. डिसेंबर १९२७ मध्ये महाडच्या परिषदेनंतर बाबासाहेब सहकाऱ्यांसह रायगडावर गेले, तेव्हा चढणीला पायांशिवाय साधन नव्हते. आज महाडच्या तळ्यावर अभिवादन करून रायगडाकडे जाणाऱ्या आपल्या वृद्ध आयाबाया रोपवेने वर जातात, याचा आम्हाला आनंदच आहे. गुडघे दुखणाऱ्या आईने गड पाहायचाच नाही, असा नियम कोणत्या वीरतेचा?

म्हणून आमची भूमिका अशी. जिथे जिथे डोली, हातरिक्षा, पाठीवरचे ओझे आहे, तिथे यंत्र आलेच पाहिजे. पण यंत्र येईल त्या दिवशी जो माणूस आजवर ओझे वाहत होता त्याचे नाव त्या यंत्राच्या नोकरीच्या यादीत, मालकीच्या सहकारी संस्थेत, नाहीतर किमान पुनर्वसनाच्या कायदेशीर हक्कात आधी लागले पाहिजे. त्याला डोंगराची वाट, वारा, दरड सगळे ठाऊक असते. रोपवेचा डबा चालवायला, प्रवासी सांभाळायला याहून मोठी पात्रता कोणती? कंत्राटदार शहरातून येतो, कर्मचारी कंत्राटदार आणतो आणि डोलीवाल्याच्या हाती शेवटी चहाची टपरी उरते, तीही अतिक्रमण म्हणून हटवतात. हा क्रम मोडायचा असेल तर यंत्र येण्याआधी संघटना असली पाहिजे. शामोनीच्या वाटाड्यांची संस्था रोपवेच्या एकशे चौतीस वर्षे आधी उभी होती, हा आकडा लक्षात ठेवा.

दुसरे काम नोंदीचे. पाकार यांना दोनशे वर्षे वाट पाहावी लागली, तरी त्यांच्यासाठी एक दुर्बीण आणि एक वही होती. आपल्याकडे घाटातल्या रस्त्यांवर, बोगद्यांत, धरणांच्या भिंतींत ज्यांनी दगड वाहिले, त्यांच्यासाठी वही कोणी उघडली? हे काम सरकार करणार नाही. आपल्या वस्तीतल्या म्हाताऱ्या माणसांजवळ बसा. त्यांनी कोणता पूल बांधला, कोणत्या स्टेशनवर हमाली केली, किती किलोचे ओझे, किती आणे मजुरी, सोबत कोण होते, कोण मेले, हे तारखेनिशी, गावानिशी लिहून घ्या. मोबाइलमध्ये आवाज भरून ठेवा. ताईंच्या वडिलांचा बिल्ला क्रमांक त्यांना आजही पाठ आहे, पण तो कुठेही लिहिलेला नव्हता. त्यांनी तो त्याच रात्री लिहून काढला.

आणि तिसरे, पुढच्या वेळी कोणी तुम्हाला "लिफ्टने आलास" म्हणाले तर चिडू नका, लाजू तर मुळीच नका. शांतपणे विचारा, "तुझा दोर कोणी वाहिला?" उत्तर यायला वेळ लागेल. कित्येकांनी हा प्रश्न स्वतःला कधी विचारलेलाच नाही. आपण मात्र तो आपल्यालाही विचारत राहू. आपण आज जिथे पोहोचलो आहोत तिथवरचा पहिला दोर ज्यांनी खांद्यावर वाहिला, त्यांतले किती जण अजून फलाटावरच उभे आहेत, हे मोजल्याशिवाय आपलीही उंची खरी नाही.

जय भीम!